टांकसाळीतल्या चुका

(सूस येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या दागिन्यांत पुतळ्यांच्या माळेचा मान मोठा आहे. आजच्या पुतळीवर बहुधा लक्ष्मी असते. पण ज्या नाण्यावरून ही माळ आली, ते इटलीतल्या व्हेनिसचे. १२८४ साली व्हेनिसने सोन्याचे डुकाट पाडायला सुरुवात केली आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, त्याचे रूप जवळजवळ बदलले नाही. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज घेणारा व्हेनिसचा अधिपती, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा येशू आणि कडेने लॅटिन अक्षरे. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ निखळ. व्यापाऱ्यांच्या गाठीला बांधून हे नाणे पश्चिम किनाऱ्यावर उतरले, इथल्या बाजारात मुरले आणि पेशवाईच्या हिशेबांत ‘पुतळी’ म्हणून नोंदले जाऊ लागले.

मग इथल्या सोनारांनी त्याच्या नकला घडवल्या. लॅटिन लिपी त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यामुळे नकलेत अक्षरांच्या नुसत्या उभ्याआडव्या रेघा झाल्या, ध्वजाची काठी झाली, संताचा झगा निऱ्यांसारखा दिसू लागला. नकलेवरून पुन्हा नक्कल झाली तेव्हा रेघाही विरघळल्या. छाप असा बिघडत गेला तरी माळेला बाधा आली नाही, कारण घेणारा पाहत होता तो कस आणि वजन. आज नाणेसंग्राहकाच्या हाती अशी पुतळी आली, की तो सगळ्यात आधी त्या बिघडलेल्या रेघा पाहतो. हे व्हेनिसमध्ये घडले नाही, हे त्या रेघाच सांगतात.

आजच्या पुष्पाचा विषय याच प्रकारचा पुरावा हा आहे. नाण्यावर राजाचे नाव असते, देवाचे चिन्ह असते, राज्याचे बिरुद असते. ज्याने ठसा कोरला, ज्याने हातोडा मारला, ज्याने चकती तोलली, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव तिथे नसते. नाणे निर्दोष उतरले तर ही माणसे कायमची अदृश्य राहतात. काहीतरी चुकले, की त्यांचे काम दिसू लागते: कोणत्या क्रमाने छाप दिले, कोणाला लिपी येत होती, निरोप कुठे अडकला, घाई कशाची होती. सोन्याच्या नाण्यावर अशी चूक फार क्वचित सापडते, कारण सोने दर पायरीवर तोलले जाते. म्हणून ती सापडली तर तिची नोंद झालीच पाहिजे, हे या व्याख्यानाचे सांगणे आहे.

चूक ओळखायची तर आधी नाणे कसे घडत होते ते पाहावे लागते. देवगिरीच्या यादवांचे सोन्याचे पद्मटंक हे आपल्या भूमीतले उत्तम उदाहरण. हे नाणे एका ठशाच्या एका घावात होत नसे. सोन्याच्या पातळ चकतीच्या मध्यभागी कमळाचा ठसा मारत. मग भोवती एकेक करून वेगवेगळे छोटे ठसे मारत. त्यात श्री असे, शंख असे, राजाचे नाव असे. सिंघण, महादेव, रामचंद्र ही नावे अशीच नाण्यावर आली. सगळे घाव एकाच बाजूने बसल्यामुळे चकती वाटीसारखी खोल होई. या रीतीत एखादा छाप दुसऱ्यावर अर्धा चढणे, तिरका बसणे, काठाबाहेर जाणे हे घडायचेच. कोणता छाप कोणावर चढला आहे हे भिंगाखाली पाहिले, की सातआठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने आधी काय मारले आणि नंतर काय, हे उलगडते. नीट बसलेल्या छापांच्या नाण्यावरून हा क्रम कळत नाही.

शिवकाळात नाणी ठशांच्या जोडीने पाडली जात. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये चकती आणि वरून हातोडा. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असा सोन्याचा होन पाडला गेला आणि हाच मजकूर तांब्याच्या शिवराईवर आला. होन वजनाने तीन ग्रॅमपेक्षा थोडा कमी. आज अस्सल होन फारच थोडे उरले आहेत. शिवराई मात्र शिवछत्रपतींच्या नंतरही दीडशेच्या आसपास वर्षे अनेक टांकसाळींत पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालली. त्यामुळे चुकांचा अभ्यास करायचा तर शिवराईसारखे दुसरे साधन नाही.

शिवराईवर ‘शिव’ कधी ‘सिव’ होतो, कधी ‘शीव’, कधी ‘सीव’. ‘पति’ची वेलांटी कधी पहिली असते, कधी दुसरी. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई वेगळी ओळखली जाते. अक्षरांची वळणे, ओळींची मांडणी, ठिपक्यांची कडा हे सगळे टांकसाळीगणिक बदलते. ठसा कोरणाऱ्याला अक्षर उलटे कोरावे लागते, तेव्हा ते नाण्यावर सुलटे उमटते. लिहिण्यावाचण्याची सवय नसलेल्या माणसाने उलट्या वेलांट्या कोरताना गोंधळ होणे साहजिक होते. या फरकांचे गट पाडून, वजनाशी आणि सापडलेल्या जागेशी जुळवून, कोणती शिवराई कोणत्या काळातली असावी याचा माग काढता येतो. मराठा टांकसाळींवर संशोधन करणाऱ्या के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांच्या ग्रंथात अशा बारकाव्यांना महत्त्वाचे स्थान आहे ते यामुळेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरून नवख्या संग्राहकांची फसवणूक होते. हाताने पाडलेल्या नाण्यावर छाप एका बाजूला सरकलेला असणे ही दुर्मीळ चूक नव्हे. त्या काळी ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून जवळजवळ प्रत्येक शिवराईवर मजकुराचा काही भाग काठाबाहेर गेलेला असतो. ‘ऑफ सेंटर शिवराई’ म्हणून जास्त दाम मागणाऱ्याला नाण्याची माहिती तरी नसते किंवा नियत तरी. छाप सरकणे ही चूक ठरते ती यंत्राच्या टांकसाळीत, जिथे चकतीभोवती कॉलर, म्हणजे घट्ट कडे, असते आणि प्रत्येक नाणे सारखे उतरणे अपेक्षित असते.

शिवछत्रपतींची नाण्याकडे पाहण्याची दृष्टी किती व्यवहारी होती, हे राज्याभिषेकाच्या वेळच्या एका वाटाघाटीत दिसते. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा रायगडावर होता. कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, असे एक कलम इंग्रजांनी पुढे केले. महाराजांचे उत्तर त्याच्या वृत्तांतात आहे. त्याचा आशय असा: कोणतेही नाणे चालायला आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घ्यायला आम्ही तिला भाग पाडणार नाही, तुमचे नाणे कसाला आणि वजनाला इतरांइतके उतरले तर ते चालेल. नाणे अखेर तागडीवर आणि कसोटीवर तोलले जाते, ही जाण त्या उत्तरात आहे. सराफाच्या पेढीवर याच हिशेबाने बट्टा ठरत असे.

आता थोडे मागे जाऊ. नाण्यावरच्या ‘बिघाडा’ने इतिहासाला केवढा पुरावा द्यावा, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातले आहे. १९०६ साली जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची: एका बाजूला त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर मूळ छाप पुसट करून वरून दुसराच छाप मारलेला होता. तो गौतमीपुत्र सातकर्णीचा होता: एका बाजूला कमानींचा डोंगर आणि भोवती सातवाहन राजाचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैनचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह.

टांकसाळीच्या शिस्तीने पाहिले तर ही कामे अर्धवट आहेत. जुना छाप पुरता मिटलेला नाही. डोंगराच्या कमानींतून नहपानाचे नाक दिसते, चिन्हाच्या बाजूने ग्रीक अक्षर डोके काढते. साठा वितळवून नव्याने चकत्या पाडल्या असत्या तर नाणी देखणी झाली असती आणि आपल्याला काहीही कळले नसते. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निखंदून काढला, असे ती माता तिथे म्हणते. शिलालेखातला तो दावा जोगलटेंभीच्या नाण्यांनी खरा ठरवला. जित आणि जेता दोघेही एकाच चकतीवर उरले आहेत. या साठ्याचा अभ्यास रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केला. नहपानाचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत, कुठे तरुण तर कुठे म्हातारा दिसतो, ही गोष्टही त्यांनी टिपली. हजारो नाणी एकत्र पाहायला मिळाली म्हणूनच हे लक्षात आले.

नव्या छापाखाली जुना उरण्याची हीच गोष्ट दीड हजारांहून अधिक वर्षांनी अमेरिकेत वेगळ्या रूपात घडली. अमेरिकेची टांकसाळ १७९२ साली फिलाडेल्फियात सुरू झाली आणि १७९५ पासून ती सोन्याची नाणी पाडू लागली. पोलादी ठसा तयार करायला श्रम आणि पैसा लागे. वर्ष संपले आणि ठसा शाबूत असला तर त्यावरच नवा आकडा ठोकत. म्हणून १८०२ च्या पाच डॉलरच्या नाण्यावर ‘२’ खाली ‘१’ दिसतो, १८२५ च्या नाण्यावर ‘५’ खाली ‘४’. काटकसरीची ही पद्धत आज संग्राहकांना भिंगातून वाचता येते. १९०९ च्या वीस डॉलरच्या नाण्यावरही ‘९’ खाली ‘८’ आहे. तिथे कारण निराळे: ठसा घडवताना दोन वेगवेगळ्या वर्षांच्या मूळ साच्यांचा दाब एकाच ठशाला बसला.

सोन्याच्या अमेरिकन नाण्यांतली सर्वांत बोलकी चूक १८६१ ची आहे. टांकसाळीतले कोरक्ये अँथनी पॅकेट यांनी वीस डॉलरच्या नाण्याच्या मागच्या बाजूसाठी उंच, सडपातळ अक्षरांचा नवा नमुना तयार केला. नमुना चांगला होता, पण त्यात नाण्याची कड अरुंद झाली आणि सोने लवकर झिजेल अशी भीती निर्माण झाली. फिलाडेल्फियाने काम थांबवले. ठसे मात्र त्याआधीच सॅन फ्रान्सिस्कोला रवाना झाले होते. पश्चिम किनाऱ्यापर्यंत सलग तार पोचायला अजून काही महिने होते. ती ऑक्टोबर १८६१ मध्ये जोडली गेली. थांबा हा निरोप सॅन फ्रान्सिस्कोला पोचला तो फेब्रुवारीत आणि तोवर तिथे १९,२५० नाणी पाडून झाली होती. ती चलनात गेली. फिलाडेल्फियात पाडलेल्यांपैकी आज केवळ दोनच ज्ञात आहेत. एका खंडाची रुंदी, घोडेस्वारांची टपाल आणि तारेचा अपुरा धागा हे सगळे त्या नाण्याच्या अक्षरांच्या उंचीत नोंदलेले आहे.

१८७३ ची गोष्ट बारीक आहे, पण टांकसाळीतल्या माणसाच्या नजरेची आहे. त्या जानेवारीत मुख्य नाणेकार ए. लाउडन स्नोडन यांनी वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली, की सालातल्या ‘३’ ची टोके इतकी जवळ आली आहेत की तो ‘८’ वाटतो. तक्रार मानली गेली, उघड्या टोकांचा ‘३’ कोरला गेला. म्हणून त्या एका वर्षाची सोन्याची नाणी मिटलेल्या ‘३’ ची आणि उघड्या ‘३’ ची अशा दोन जातींत मिळतात.

याहून मोठा घोटाळा सोन्यात सहसा का होत नाही, त्याचे कारण तागडी. अमेरिकेच्या टांकसाळीत सोन्याची कोरी चकती छाप मारण्याआधी एकेक करून तोलली जाई. हे काम बहुधा स्त्रिया करत. चकती जड निघाली तर कानशीने घासून वजनात आणत, हलकी निघाली तर वितळवायला परत पाठवत. जुन्या सोन्याच्या नाण्यांवर दिसणारे समांतर ओरखडे याच कानशीचे आहेत. त्यांना दोष समजणे चूक आहे. एवढ्या पहाऱ्यातूनही काही निसटते. १९०० सालच्या एका सेंटचा छाप अडीच डॉलरच्या सोन्याच्या चकतीवर बसलेला आढळला आहे. तो अपघात होता की टांकसाळीतल्या कोणाची करामत, यावर जाणकारांत वाद आहे, कारण काही ‘चुका’ मुद्दाम केलेल्याही असतात.

यंत्राची टांकसाळ आपल्याकडे आली ती मुंबईत. कंपनीने सतराव्या शतकातच मुंबईत नाणी पाडायला सुरुवात केली होती. पण आजची फोर्टातली खांबांची इमारत मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली १८२९ च्या सुमारास उभी राहिली आणि तिथे वाफेवरची यंत्रे चालू लागली. १८३५ साली कंपनीने आपल्या मुलखांसाठी एकच रुपया केला आणि गावोगावच्या टांकसाळींचा काळ सरत गेला.

याच टांकसाळीत १९१८ साली सोन्याच्या नाण्यांचे मोठे काम झाले. पहिल्या महायुद्धामुळे सोने समुद्रमार्गे लंडनला नेणे धोक्याचे झाले होते. म्हणून मुंबईत रॉयल मिंटची शाखा उघडून सॉव्हरिन पाडायचे ठरले. लंडनचे ठसे यायला वेळ लागणार होता. तोवर इथेच पंधरा रुपयांच्या सोन्याच्या मोहरा पाडल्या गेल्या, वजनाने आणि कसाने सॉव्हरिनच्या बरोबरीच्या. सॉव्हरिन पाडले गेले ते सुमारे तेरा लाख, मोहरा सुमारे एकवीस लाख. सॉव्हरिनवर घोड्याच्या पायांखालच्या जमिनीवर भारताचे ‘आय’ हे बारीक अक्षर आहे. शाखा १९१९ मध्ये बंद झाली, म्हणून ते अक्षर फक्त १९१८ च्या सॉव्हरिनवर सापडते. घरात जुने सॉव्हरिन असेल तर वितळवण्याआधी निदान तेवढी जागा भिंगाने पाहावी.

मुंबईच्या रुपयांनी आणखी दोन धडे दिले आहेत. पहिला: चुकीसारखे दिसणारे सगळेच चूक नसते. १८६२ हे साल असलेला राणी छाप रुपया बारा वर्षे त्याच सालाने पाडला गेला, आणि मुंबईच्या टांकसाळीने नंतरची वर्षे ओळखण्यासाठी मागच्या बाजूला बारीक ठिपके दिले. दुसरा धडा १९११ चा. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीत एक हत्ती होता. सोंड इतकी आखूड कोरली होती की लोकांना तो डुक्कर वाटला. देशभर नाराजी झाली, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला गेला. यंत्राने छाप अगदी अचूक मारला होता. चुकला होता तो नमुना.

यंत्राच्या काळात अस्सल चूक ओळखायला थोडे तंत्र लागते. पाडलेले नाणे यंत्रातून बाहेर न पडता ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूला ठशाऐवजी त्या नाण्याचा उलटा, खोलगट छाप उमटतो. भारतीय संग्राहक अशा नाण्याला ‘लखी’ म्हणतात. एकाच नाण्यावर दोनदा घाव बसला तर छाप दुहेरी होतो. या खुणांची नक्कल घरच्या पकडीत दोन नाणी दाबूनही करतात, पण तेव्हा मूळ छाप चेपतो, कडा फाकतात आणि धातूचे वाहणे जुळत नाही. वजन करावे, कडा पाहावी आणि दोन्ही बाजू एकाच वेळी घडल्या का, हे विचारावे.

हे सांगण्याची गरज आहे, कारण आज मोबाइलवर ‘अमुक नाणे द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिरातींचा सुकाळ आहे. जुन्या नाण्यांच्या व्यवहारांसाठी आपले नाव वापरून लोकांकडून शुल्क आणि कमिशन उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. पैसे आधी मागणाऱ्याशी बोलणेच थांबवावे.

सूस गावासाठी तर हा विषय दूरचा राहिलेला नाही. २०२१ साली सूस पुणे महापालिकेत आले. पाषाणच्या बाजूने टेकडी ओलांडली, की ठिकठिकाणी पाये खोदलेले दिसतात. शेतात नांगराला जे वर्षानुवर्षे लागले नाही, ते पोकलेनच्या एका घासात वर येऊ शकते. दहा रुपयांहून अधिक किमतीचे, जमिनीत दडलेले काही सापडले तर त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचे नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. मुंबईची १९१८ ची मोहरही आता त्या वयाची झाली आहे.

सापडलेले कळवायला कायद्याच्या भीतीपेक्षाही एक कारण मोठे आहे. साठा सापडला, की चांगली नाणी बाजूला काढून वाकडी, पुसट, दुहेरी छापाची नाणी आधी मुशीत जातात. जोगलटेंभीला तसे झाले असते तर आधी गेली असती ती नऊ हजार नाणीच.

म्हणून या मंचावरून एक विनंती. नाणे सापडले तर ते चिंचेने, पितांबरीने किंवा आम्लाने घासू नये. ते कुठे, किती खोल, कशाबरोबर सापडले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढावेत, सराफाच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन करून घ्यावे. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० मध्ये उभारलेली नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था, पुण्यातले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेज ही या कामातली जाणकार ठिकाणे आहेत. मुंबईतले रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय मुलांना दाखवावे. आणि सूस-बावधन-म्हाळुंगे पट्ट्यातल्या शाळांनी एक साधी वही सुरू करावी: गावातल्या घराघरांत असलेल्या शिवराया, पुतळ्या, राणी छाप रुपये यांची वजने, फोटो आणि प्रत्येकावरच्या अक्षरांची जशी आहे तशी नक्कल. ‘सिव’ असेल तर ‘सिव’च लिहावे, सुधारून ‘शिव’ लिहू नये.